माध्यमिक शिक्षकांची पाठ, पाय आणि आवाज: नाशिकच्या शाळांमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक शहरात आणि जिल्ह्यात पाचवी ते दहावीला शिकवणाऱ्या सहकाऱ्यांनी स्टाफरूममध्ये, प्रशिक्षणाच्या मधल्या सुट्टीत, पेपर तपासताना विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी स्वतः माध्यमिक शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे औषधांबद्दल इथे काही मिळणार नाही. आपली बरीच दुखणी फळ्याची उंची, खुर्ची, वेळापत्रक आणि स्वच्छतागृह यांतून येतात. या गोष्टी बदलता येतात आणि त्या बदलून मागण्यात काही गैर नाही, हे मात्र मला ठामपणे सांगायचं आहे.

फळ्यावर लिहिताना उजवा खांदा भरून येतो. वयामुळे असेल का?

वयाचा वाटा असेलही, पण आधी फळा किती उंचीवर आहे ते बघा. आपल्याकडच्या जुन्या शाळांमध्ये फळ्यासमोर लाकडी किंवा सिमेंटचा ओटा असायचा आणि ओट्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या हिशोबाने फळा बसवलेला असायचा. पुढे कुठे फरशी बदलताना ओटा फोडला, कुठे लाकूड कुजलं म्हणून काढला, फळा मात्र होता तिथेच राहिला. मग पाच फूट उंचीच्या बाईंना गणिताच्या पहिल्या ओळीसाठी टाचा उचलाव्या लागतात. अशा वर्गातला फळा तास संपल्यावर एकदा नीट पाहा. वरच्या वीतभर पट्टीत तारीख आणि सुविचार, तेही मुलांनी बाकावर चढून लिहिलेले. बाकी सगळं लिखाण मधल्या भागात दाटलेलं. फळ्याचा किती भाग खरोखर वापरात आहे, ते खडूच्या खुणाच सांगतात.

हात खांद्याच्या वर धरून सतत लिहिलं की खांद्यातल्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारे दोर, हाडांमधल्या अरुंद जागेत चेपल्या जातात. एखाद्या तासाने काही होत नाही. दिवसाला पाच-सहा तास, वर्षानुवर्षं हेच चाललं की खांदा कुरकुरायला लागतो. म्हणून लिखाण कोपर आणि नाक यांच्या मधल्या उंचीत ठेवा. फळ्याचे तीन उभे भाग करा, एक भाग भरला की हात न ताणता स्वतः पुढे सरका. भूमितीच्या आकृत्या, नकाशे, पेशीची रचना हे सगळं तक्त्यावर काढून ठेवलं तर दर तुकडीत पुन्हा काढावं लागत नाही. पुसण्यासाठी लांब दांड्याचा डस्टर सुतार सहज करून देतो.

शाळेकडे मागायचं असेल तर दोनपैकी एक मागा: फळा खाली उतरवून बसवणं, किंवा फळ्याइतकाच लांब, न डुगडुगणारा, सहा-सात इंच उंचीचा ओटा. ओट्याची कड पिवळ्या रंगाने रंगवून घ्या. मागे सरकताना पाय घसरून पडलेले शिक्षक प्रत्येक शाळेत एखादा तरी सापडेल.

रात्री त्याच कुशीवर झोपता येत नसेल, केस विंचरायला हात वर जात नसेल तर वाट पाहू नका. मधुमेह असलेल्यांमध्ये खांदा आखडण्याचं प्रमाण जास्त असतं, तेव्हा साखरही तपासून घ्या.

वर्गात बसून शिकवलं तर चालतं का? आमच्याकडे वर्गातून खुर्च्याच काढून टाकल्यात.

शिक्षकाने पूर्ण तास उभंच राहावं असा कोणताही कायदा नाही. ही काही शाळांची शिस्तीची कल्पना आहे आणि माझ्या मते ती चुकीची आहे. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतल्या कर्मचाऱ्यांना बसायला जागा मिळावी म्हणून कायद्यात दुरुस्ती केली. साडीच्या दुकानातल्या विक्रेतीच्या पायांचा विचार कायदा करतो, तर वर्गात एक खुर्ची मागताना शिक्षकाला संकोच वाटायचं कारण नाही.

चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि पायातलं रक्त वर ढकलतात. एका जागी खिळून उभं राहिलं की ते काम थांबतं, रक्त खाली साचतं, संध्याकाळी घोटे सुजतात, पुढे शिरा फुगतात. म्हणून बाकांमधून फिरा. फळ्यापाशी असताना एक पाय ओट्याच्या कडेवर ठेवा आणि थोड्या वेळाने बदला. मुलं उदाहरण सोडवत असताना बसा.

सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या पावलाला टाचेत कळ येत असेल तर तळपायाचा पडदा दुखावलेला असण्याची शक्यता मोठी. शहाबादी फरशी आणि पातळ तळव्याची सपाट चप्पल, ही जोडी त्याला फार पोषक. जाड, किंचित उंच टाचेची, मागे पट्टा असलेली सँडल घ्या. साडीखाली बूट कसे दिसतील म्हणून कळ काढत बसणाऱ्या माझ्या मैत्रिणींना मी एवढंच सांगते की मुलं आठवडाभर बघतात आणि मग विसरून जातात. दाबाचे मोजे डॉक्टरांनी मापाचे सांगितले तरच घाला.

दर पावसाळ्यात माझा आवाज बसतो. खडीसाखर, हळद-दूध सगळं करून झालं.

त्याने घशाला बरं वाटतं, नुकसान काही नाही. पण गिळलेला पदार्थ स्वरतंतूंवरून जात नाही, तो अन्ननलिकेत जातो. आवाजाचा त्रास मुळातच अतिवापराचा असेल तर वापर बदलल्याशिवाय तो थांबत नाही.

बाईच्या आवाजात स्वरतंतू सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकांवर आपटतात, पुरुषाच्या आवाजात साधारण १२० वेळा. आवाज चढवला की आपटण्याचा जोर वाढतो. रोज असंच झालं तर तिथे सूज येते, पुढे गाठी धरतात. अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत आयुष्यात कधी ना कधी आवाजाचा त्रास झालेल्यांचं प्रमाण शिक्षकांमध्ये ५७.७ टक्के होतं, इतर पेशांत २८.८ टक्के. तेव्हा ‘तुमचा घसाच नाजूक’ हे ऐकून घेऊ नका.

आजूबाजूला गोंगाट असला की माणूस नकळत मोठ्याने बोलतो. रिकाम्या वर्गात बाहेरचा आवाज ३५ डेसिबलच्या आसपास असावा, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. द्वारका किंवा मुंबई नाक्याजवळच्या शाळेत, खिडकीशी हॉर्न वाजत असताना, तो आकडा ऐकूनच दमायला होतं. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडे पत्र्याच्या वर्गखोल्यांवर पाऊस कोसळायला लागला की पहिल्या बाकावरच्या मुलालाही ऐकू जात नाही. अशा वेळी पावसाशी स्पर्धा करू नका. जुलै-ऑगस्टसाठी लेखी काम, मूकवाचन, नकाशा भरणं, गटात उदाहरणं सोडवणं असं वेगळं नियोजन पाठाच्या टाचणातच करून ठेवा आणि वरिष्ठ भेटीला आले तर ते दाखवा.

कंबरेला लावायचा छोटा स्पीकर आणि कानामागून येणारा माईक आता परवडणाऱ्या किमतीत मिळतो. मोठ्या तुकड्या असतील तर माझ्या मते दुसऱ्या कशाहीआधी हेच घ्यावं. माईक लावूनही ओरडून बोलण्याची सवय सुटायला थोडे दिवस जातात. वर्ग शांत करायला टाळी, घंटी किंवा हात वर करण्याची खूण ठरवा. मैदानावर शिट्टी वापरा. आवाज बसला असताना कुजबुजणं म्हणजे विश्रांती, असा समज आहे. जोर लावून कुजबुजल्यानेही स्वरतंतूंवर ताण येतो. त्यापेक्षा गप्प राहा, किंवा हळू पण नेहमीच्या आवाजात बोला.

तीन आठवड्यांपेक्षा जास्त घोगरेपणा राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन दुर्बिणीने स्वरतंतू पाहून घ्या. तंबाखू किंवा धूम्रपान असेल तर तेवढेही थांबू नका.

खडूच्या धुळीने दमा होतो का?

खडू म्हणजे जिप्सम किंवा चुन्याचा पदार्थ. त्याने निरोगी माणसाला दमा जडत नाही, पण ज्याला दमा किंवा ॲलर्जी आहे त्याचा त्रास बळावतो. फळा ओल्या फडक्याने पुसा, डस्टर वर्गात न झटकता बाहेर झटका, पुसताना पंख्याचा झोत तोंडावर येणार नाही असं बघा. पांढऱ्या फळ्याला धूळ नसते, पण खिडकीचा उजेड त्यावर चमकतो आणि कडेच्या रांगेतल्या मुलांना काही दिसत नाही. तो बसवण्याआधी दुपारच्या वेळी वर्गाच्या चारही कोपऱ्यांत बसून पाहावं.

दोन-तीन तास सलग असतात, म्हणून मी पाणीच पीत नाही.

हा प्रश्न शिक्षिका बहुतेक वेळा हळू आवाजात विचारतात. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

सकाळी घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत लघवी रोखायची, आणि रोखावी लागू नये म्हणून पाणी टाळायचं. यामुळे मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होतो, डोकं दुखतं, बद्धकोष्ठ होतं, आवाजही कोरडा पडतो. मुतखड्याची प्रवृत्ती असेल तर तोही त्रास वाढतो. पाळीच्या दिवसांत हाल आणखी.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मुलगे आणि मुली यांच्यासाठी स्वतंत्र स्वच्छतागृहांचा उल्लेख आहे. शिक्षकांसाठी स्वतंत्र सोयीचं तिथे नाव नाही. म्हणूनच इमारत मोठी, मुलांची सोय कागदोपत्री पूर्ण, आणि बाई मात्र मुलींच्याच रांगेत किंवा शेजारच्या घरात, अशी अवस्था दिसते. शिक्षिकांसाठी एक स्वतंत्र खोली लागते: आतून लागणारी कडी, वाहतं पाणी, झाकणाची कचरापेटी आणि पर्स अडकवायला खुंटी. ती मागताना लाजायचं नाही. पुरुष सहकाऱ्यांनी ही मागणी शिक्षक सभेत आपल्या तोंडून मांडली तर तिचं वजन वाढतं, हे मी पाहिलं आहे.

बांधकाम होईपर्यंत वेळापत्रकात दोन गोष्टी करता येतात. एकाच शिक्षकाला तीन तास सलग देऊ नयेत. आणि प्रत्येक मजल्यावर ऑफ तास असलेल्या एका शिक्षकाने पाच मिनिटं वर्ग सांभाळायचा, असं ठरवून टाकावं. दर वेळी विनंती करावी लागली की माणूस विचारणंच सोडतो.

गरोदरपणात उभं राहण्याचं काम कमी करून मिळतं का?

मागता येतं. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने हे तत्त्व घालून दिलं आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे: बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या सहा आठवड्यांच्या अगोदरचा एक महिना, स्त्रीने विनंती केल्यास तिला कष्टाचं किंवा खूप वेळ उभं राहण्याचं काम द्यायचं नाही. अर्जात हे लिहा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडा, आणि नेमकं मागा: तळमजल्यावरचे वर्ग, वर्गात खुर्ची, परिपाठाला उभं राहण्यातून सूट, मैदानावरच्या देखरेखीतून सूट.

पेपर तपासताना मान आणि कंबर धरते.

फेब्रुवारी-मार्चच्या बोर्ड परीक्षा सुरू झाल्या की बोर्डाच्या नाशिक विभागातल्या चारही जिल्ह्यांत, नाशिक, धुळे, जळगाव आणि नंदुरबारमध्ये, घरोघरी गठ्ठे उघडले जातात. नियामकांनी, म्हणजे तपासणीवर देखरेख करणाऱ्या शिक्षकांनी, दिलेली तारीख, शाळेचे तास, घरचं काम. यात बसण्याकडे कोण लक्ष देणार?

डोक्याचं वजन साधारण साडेचार-पाच किलो असतं. मान जितकी पुढे झुकते तितका मानेच्या मागच्या स्नायूंवर भार वाढतो. तेव्हा डोकं खाली नेण्याऐवजी कागद वर आणा. जाड बॉक्स फाइल उताराला ठेवून तिच्यावर उत्तरपत्रिका ठेवली तरी पुष्कळ फरक पडतो. जुन्या पेढीवर मुनीमजींपुढे असायचं तसं उतरत्या झाकणाचं डेस्क घरात माळ्यावर पडलं असेल तर ते काढा, याहून चांगलं साधन विकत मिळणार नाही.

खुर्चीवर बसत असाल तर पाय जमिनीला टेकले पाहिजेत, कंबरेमागे गुंडाळलेला टॉवेल. पलंगावर मांडी घालून, पुढ्यात उशी घेऊन तपासणं सर्वांत वाईट. पेन जाड धरायचं आणि हलकं चालणारं घ्या, अंगठ्याच्या बुडाशी दुखणं त्याने कमी होतं. अर्ध्या तासाने उठा, खिडकीबाहेर लांबचं काही बघा. बेरजा सगळ्यात शेवटी, एका बैठकीत. दमलेल्या डोळ्यांनी केलेली बेरीज चुकते आणि गुण त्या मुलाचे जातात.

वह्यांचं काय, असंही विचारलं जातं. शिक्षण हक्क कायद्यात आठवीपर्यंतच्या शिक्षकांसाठी आठवड्याचे किमान ४५ घड्याळी तास सांगितले आहेत, आणि त्यात तयारीचे तासही धरलेले आहेत. वह्या तपासणं हे घरी न्यायचं फुकटचं काम नाही. त्यासाठी ऑफ तास शिल्लक राहिले पाहिजेत. रोजच्या रोज गैरहजर सहकाऱ्याचे बदली तास लावून ते खाऊन टाकणं बंद व्हायला हवं.

यू-डायसची शाळेची माहिती, शालार्थची पगाराची माहिती, रोजच्या लिंका. सगळं मोबाइलवर भरायचं. याला काही मर्यादा?

शरीरापुरतं आधी. लांब फॉर्म मोबाइलवर भरू नका, संगणक कक्षातला एखादा संगणक शिक्षकांसाठी राखून घ्या. मोबाइलच वापरावा लागला तर तो छातीच्या उंचीवर धरा आणि शक्य तिथे बोलून टाइप करा.

कामाच्या मर्यादेबद्दल शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ स्पष्ट आहे: दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांशिवाय शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावायचं नाही. निवडणुकीबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये म्हटलं आहे की मतदारयाद्यांचं आणि निवडणुकीचं काम सुट्टीच्या किंवा न शिकवण्याच्या दिवशी द्यावं, शिकवण्याच्या वेळेत सहसा देऊ नये. नाशिकमध्ये २०२७ हे वर्ष जनगणनेचं आणि सिंहस्थाचंही आहे. कोणतं काम कुणाच्या लेखी आदेशाने आलं, याची नोंद प्रत्येक शाळेने आतापासून ठेवलेली बरी. तोंडी आलेलं काम असेल तर आदेशाची प्रत नम्रपणे मागा.

नाशिकहून रोज पेठला दुचाकीने जातो. कंबर गेली आहे.

घाटातले खड्डे आपण बुजवू शकत नाही, पण धक्के कमी करता येतात. चाकांत हवा कंपनीने सांगितली तेवढीच ठेवा, शॉकॲब्सॉर्बर तपासून घ्या, वह्यांची जड सॅक पाठीवर न घेता गाडीच्या बाजूच्या पेटीत टाका. शाळेत पोचल्यावर लगेच परिपाठाला उभे राहण्याआधी दोन मिनिटं चाला आणि पाठ मागे वाकवा. गाडीवरून उतरल्या उतरल्या वह्यांचा गठ्ठा किंवा पाण्याची कॅन उचलू नका. तीन-चार जणांनी मिळून चारचाकी काढली तर सगळ्यांत चांगलं. पण तुमचा पहिला तास नसेल आणि बाकीच्यांचा असेल तर ते जमत नाही, म्हणून एका रस्त्याने येणाऱ्यांचे तास जुळवून द्यावेत अशी विनंती वेळापत्रक करतानाच करा.

मी शिक्षण सेवक आहे, म्हणजे पहिली तीन वर्षं मानधनावर. माझी मैत्रीण तासिका तत्त्वावर आहे, म्हणजे घेतलेल्या तासांचेच पैसे. आम्ही काही मागितलं तर उद्या नोकरीवर येईल का?

ही भीती खरी आहे. माध्यमिक शिक्षण सेवकाचं मानधन २०२३ पासून १८,००० रुपये झालं, तरी तीन वर्षं डोक्यावर टांगती तलवार असतेच. म्हणून एकट्याने मागू नका. खुर्ची, फळा, स्वच्छतागृह या मागण्या सगळ्या शिक्षकांच्या सह्यांनी जाऊ द्या. पहिली सही कायम असलेल्या ज्येष्ठ सहकाऱ्याची हवी. ज्येष्ठांनो, हे तुमचं काम आहे.

अर्ज दोन प्रतींत लिहा, कार्यालयात द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं पुढे सहज म्हटलं जातं. मजकूर तक्रारीचा नको, मोजमापाचा हवा: ‘खोली क्र. ७ मधील फळ्याची खालची कड जमिनीपासून साडेचार फुटांवर आहे, ती तीन फुटांवर आणावी.’ एवढ्या नेमक्या ओळीवर शाळा समितीला हो किंवा नाही म्हणावंच लागतं.

खासगी शाळांतल्या नोकरीला १९७७ चा सेवाशर्ती अधिनियम आणि १९८१ ची नियमावली लागू आहे. बडतर्फ केलं, काढून टाकलं, पदावनत केलं तर शाळा न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येतं. नाशिकला असं न्यायाधिकरण आहे. मुदत लहान आहे, वकिलाचा सल्ला पहिल्या आठवड्यातच घ्या.

मुख्याध्यापक म्हणतात पैसे नाहीत. मग कुठून सुरुवात करायची?

वेळापत्रकापासून. त्याला काही खर्च येत नाही. गुडघे दुखणाऱ्या शिक्षकांचे वर्ग एका मजल्यावर आणणं, सलग तास तोडणं, बदली तासांची वही उघडी ठेवणं. त्यानंतर वर्गात एक खुर्ची. मग फळा. पत्र्याच्या खोल्यांवर उन्हाळ्याआधी चुन्याचा पांढरा थर देणं मालेगाव, येवल्याकडे फार उपयोगाचं, आणि माजी विद्यार्थी अशा कामाला आनंदाने हात लावतात. दिव्यांग सहकाऱ्यांच्या बाबतीत मात्र पैशाची सबब नको. २०१६ च्या कायद्याने सरकारी आस्थापनांवर वाजवी सोयी करून देण्याची जबाबदारी टाकली आहे, बाकीच्या शाळांनीही तोच मापदंड मानावा.

झोप लागत नाही, शाळेत जाऊच नये असं वाटतं. हेही यातच येतं का?

हो, येतं. कामाचा भार मनावरही पडतो. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. त्रासाचं कारण एखाद्याची वागणूक असेल आणि ती लैंगिक छळात मोडत असेल, तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची.

कोणत्या दुखण्याला अजिबात थांबायचं नाही?

कंबरेच्या दुखण्यासोबत पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. एकच पोटरी अचानक सुजली, गरम आणि दुखरी झाली तरी तसंच, कारण शिरेत गुठळी असू शकते. छातीत दाब येऊन डावा हात किंवा जबडा दुखायला लागला तर तो फळ्यावर लिहिल्याचा त्रास समजून तास पूर्ण करू नका. शेजारच्या वर्गातल्या शिक्षकांना बोलवा आणि १०८ ला फोन करा.